म्हणजेच

चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं:
निनावी फंक्शन, म्हणजेच क्लोजर.
त्यातला म्हणजेच मला रात्रभर टोचला,
संत्र्याच्या पेटीतलं तणस बनियनमध्ये शिरावं तसा.

मी सेवा केंद्र चालवतो, वरूडपासून अकरा किलोमीटर आत.
दिवसा सातबारे काढतो, उत्पन्नाचे दाखले, लाईटबिलं.
रात्री गिऱ्हाईक नसतं, रेंज असते,
तेव्हा प्रोग्रामिंगच्या एका भाषेची पुस्तिका मराठीत आणतो,
फुकट. कशासाठी, ते अजून कोणी विचारलेलं नाही.

आधीच्या माणसानं बेनामी लिहिलं होतं.
ते पहिल्यांदा काढलं.
आमच्याकडे बेनामी म्हटलं की शेत आठवतं,
साळ्याच्या नावावरचं, आणि तलाठ्याचा खोकला.
नागपूरच्या रितेश बोबडेनं अनामिक सुचवलं;
छान आहे, पण अंगठीचं बोट मधेच वर येतं.
निनावी ठेवलं. निनावी अर्ज सगळ्यांना कळतो,
कोतवालालासुद्धा.

राहिला तो म्हणजेच.

बहार तोडायला सातपुड्यापलीकडून माणसं येतात.
मुकादम ओरडतो, ए, तू, वरच्या फांदीवर.
तो चढतो, तोडतो, उतरतो,
संध्याकाळी ट्रॅक्टरवर बसून निघून जातो.
हातात दिलं तेवढ्यावर काम,
जिथं उभा केला तिथंच सुरू, तिथंच संपलं.
हे निनावी.
(म्हणजे त्या कामापुरतं. घरी त्याला नाव असणारच,
उदाहरण आहे, ताणू नये.)

क्लोजर वेगळं. ते जिथं जन्मतं
तिथलं काहीतरी पदराला बांधून आणतं,
मग कुठंही बोलवा, तीच गाठ सोडून वापरतं.
हे लिहिलं आणि खोडलं,
पुस्तिकेत पदर चालत नाही.
पण खोडताना डोळ्यांसमोर जरूडवाली होती.

त्याच दुपारी आली होती, बँकेचा फॉर्म घेऊन.
सासरी आली त्या दिवसापासून जरूडवाली:
जावांना, शेजाऱ्यांना, किराणावाल्याला.
कढीला फोडणी देते तीही जरूडची,
आणि विहिरीचा विषय निघाला की:
आमच्या जरूडले पंधरा हातावर पानी हाय, बापू.
भावाच्या बोअरला हजार फुटांवर धूळ लागली,
ही पंधरा हातच सांगते.

(आम्ही याला किंमत टिपणं म्हणतो, पत्ता टिपणं नव्हे.
काही भाषा पत्ता टिपतात; तिथं तिचे पंधरा हात
भावाच्या मोटारीबरोबर खाली खाली गेले असते.
तळटीप घातली.)

फॉर्मवर पहिला रकाना नावाचा.
मी थांबलो. तीही.
गिरजा लिव, म्हणाली, गिरजा शेषराव काळमेघ.
कोनी हाक मारत नाई त्यानं, पन हाय.
सही करताना जीभ दातांत धरली होती.

म्हणजे नाव सापडलं म्हणून जरूड सुटलं नाही.
नाव असलेलं फंक्शनही क्लोजर असू शकतं,
आणि निनावी असून क्लोजर नसलेलंही असतं,
तो फांदीवरचा.
याला नाव आहे का, हा एक प्रश्न.
यानं येताना काय आणलं, हा दुसरा.
पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर नसतं.

पहाटे साडेचारला दुरुस्ती पाठवली.
बदल: एक शब्द कमी, एक वाक्य जास्त, एक तळटीप.
सोबत दोन ओळींचं उदाहरण;
त्यातल्या चलाला गिरजा म्हणणार होतो,
मग नुसतं खोली ठेवलं. खोली = १५.

रितेश जागाच होता. विचारलं,
मीटर की फूट?
हात, मी लिहिलं,
आणि लाईट गेली.